दिलेली साक्ष

चारुलता साळवेंना सुलतान बाजारात सगळे ‘फॉलवाल्या अक्का’ म्हणतात. साड्यांच्या दुकानाच्या पायरीलगत मशीन टाकून बावीस वर्षं त्या फॉल-पिको करतात. जीभ फटकळ, कामाला वाघ, आणि विश्वास असा की डोक्यावरचं छप्पर उडून गेलं तरी म्हणतील, "प्रभू बघून घेईल." आणि अशा बाईच्याच तोंडून नेमकी ती चूक व्हावी!

झालं असं की त्यांच्या नवऱ्याला, हिम्मतरावांना, गळ्याचा कॅन्सर निघाला. हिम्मतराव आबिड्सच्या पोस्टातून रिटायर झालेले. रविवारी तेलुगू मंडळीची उपासना सुटली की त्याच हॉलमध्ये वीस-पंचवीस मराठी ख्रिस्ती जमतात, तिथं गीत उचलायचं, म्हणजे पहिला सूर लावायचा, तो हिम्मतरावांनीच. तेहतीस दिवस दवाखान्यात गळ्याला रेडिएशनचा शेक दिला. सूज उतरली आणि एका सकाळी ते चक्क खणखणीत बोलले, "चहा गार झालाय!"

मग काय, बाईंना दम धरवतोय होय! तपासणीला अजून दोन महिने होते. पण उपासनेत, देवानं केलेलं भलं सगळ्यांपुढं सांगायच्या वेळी, पाळकांनी "कुणाला साक्ष द्यायची आहे?" म्हणायचा अवकाश, या उभ्या. "प्रभूनं यांना पूर्ण बरं केलं, रोग समूळ गेला!" मंडळीनं टाळ्या वाजवल्या. बाहेर चपला घालताना जो तो हिम्मतरावांना सलाम करून हात दाबत होता.

दोन महिन्यांनी तपासणी झाली. रोग तिथंच होता.

"स्वरयंत्र काढावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आवाज जाईल, पण माणूस राहील. मंगळवार धरून ठेवते. रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा."

घरी आल्यावर हिम्मतराव घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, "नक्को."

"अहो, नको म्हणजे काय?"

"भर मंडळीत साक्ष दिलीस तू. आता गळा कापून घेतला तर लोक देवाला हसतील."

"ते मी बोलले होते! देव कुठं बोलला?"

"दिलेली साक्ष मागं घ्यायची नसते, चारू." आणि ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

चारुलताबाईंना वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. राग नाही, भीती नाही, आतून सगळं बधिर. दुसऱ्या दिवशी मशीनवर बोटात सुई गेली, ती हिरव्या साडीवर डाग दिसला तेव्हा कळली. मालक ओरडला, गिऱ्हाईक ओरडलं, त्या "हौ, हौ" करत डाग धूत राहिल्या. प्रार्थनेला गुडघे टेकले तर "हे प्रभू" एवढंच सुचायचं, पुढं काही नाही. उभा बाजार बोलून गार करणारी बाई देवापुढं मुकी झाली होती. नवरा मरणार आणि तो माझ्या शब्दापायी, एवढं मात्र त्यांना पाढ्यासारखं स्पष्ट ठाऊक होतं.

रविवार आला. पाळकांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे?"

चारुलताबाई उठल्या. पाळकांचा चेहरा खुलला. बिचाऱ्यांना काय ठाऊक!

"मागची माझी साक्ष खोटी होती," त्या म्हणाल्या. कुणीतरी ‘हालेलूया’ म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. "रोग गेला असं ना डॉक्टरांनी सांगितलं होतं, ना देवानं. मला तसं हवं होतं म्हणून मी बोलले आणि त्याचं नाव पुढं केलं. आता माझी लाज राखायला हे मरायला निघालेत. देव यांचा आवाज का नेतोय, मला कळत नाही. विश्वास आहे का म्हणाल, तर आज तोही जाणवत नाही. पण देव आम्हाला सोडणार नाही, एवढंच धरून बसलेय. माफ करा मला."

हलकं वाटलं? छे! काहीच वाटलं नाही. पुढच्या बाकावरच्या बायका मागं वळून बघत होत्या, त्याचंही काही वाटलं नाही. त्या खाली बसल्या.

पाळक उगाच गीतपुस्तकाची पानं उलटू लागले. साक्ष मागं घेतल्यावर काय म्हणतात, हे त्यांना तरी कोण शिकवणार? तेवढ्यात पलीकडं, पुरुषांच्या बाजूला, हिम्मतराव उभे राहिले. बायकोकडं त्यांनी एकदा पाहिलं.

"मंगळवारी ऑपरेशन आहे," ते म्हणाले. शब्द घासत, अडखळत येत होते. "मंडळीनं प्रार्थना करावी. आजचं गीत मी उचलतो. पुढच्या रविवारी दुसरं कुणी बघा."

आणि त्यांनी सूर लावला. फाटका, कापरा, अर्ध्या ओळीत तुटणारा. मंडळीनं तो उचलून धरला. चारुलताबाई मात्र गायल्या नाहीत. त्यांना एवढ्या आवाजांतून तो एकच आवाज ऐकायचा होता.