मंजुळाबाईचं धीमं मशीन

मंजुळाबाई सोयगावकडची. बाप मेंढरं राखायचा, पण पोरीला शिकवलं. लग्न झालं आणि दुसऱ्याच पावसाळ्यात नवरा साप चावून गेला. सासरी कुणी ठेवून घेईना, माहेरी घरच नव्हतं, कळपामागं हिंडणंच होतं. तेव्हा तिला शहरात आणलं ते बद्रीनाथनं. तो त्यांच्याच तालुक्यातला, घरची बक्कळ शेती असलेला आणि औरंगाबादच्या एका खासगी कॉलेजात हेडक्लार्क. मुकुंदवाडीतल्या आपल्या घरात त्यानं तिला खोली दिली. धनगराची पोर घरात घेतली म्हणून भावकी कुजबुजली, तर भरल्या बैठकीत म्हणाला, "बहीण हाय माझी. पुन्हा कुणी बोललं तर माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा नाय." शहागंजातल्या टायपिंग क्लासला त्यानंच घातलं. कॉलेजात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यापुढं तिलाच बसवलं.

त्या मशीनला सहा-सात वर्षं झाली आणि ते पार थकलं. बटण दाबून चहा प्यायला जावं, परत यावं, तरी पडदा काळाच. आतली हार्डडिस्क कटकट, कटकट करत राही. एक दाखला काढायचा तर अर्धी सकाळ जाई. मधेच मशीन अडकलं की पुन्हा पहिल्यापासून.

त्या वर्षी संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. सोळा-सतरा वर्षं धुमसत असलेला नामांतराचा प्रश्न एकदाचा सुटला होता. शहरात कुठं गुलाल उधळला गेला, कुठं दारं बंद झाली. कॉलेजात जुन्या नावाचे छापील दाखले गठ्ठ्यानं पडून होते. बद्रीनाथ तेच हातानं भरून देई. नव्या नावाचा दाखला मात्र मशीनवरच काढावा लागणार होता.

कडुबा नावाचा एक पोरगा अडून बसला. "नवं नाव असलेलाच द्या. माझा बाप ह्या नावापायी जेलात गेलाय." त्याला वाळूजच्या एका कारखान्यात दाखला घेऊन बोलावलं होतं, तारीखही ठरली होती. बद्रीनाथ शांतपणे म्हणाला, "देऊ की. मशीन धीमं हाय बाबा, जरा दम धर." आणि तो अर्ज बाजूला ठेवला. तसे आणखी अर्ज आले, तेही त्यावर ठेवले. आधी फीच्या पावत्या काढ, मग परीक्षेचं बघ, असं तो मंजुळाबाईला सांगे. कडुबा नाहीतर त्याची आई मालनबाई खिडकीशी येई. मंजुळाबाई मनापासून हळहळून सांगे, "उद्या या मावशी. मशीन लई धीमं झालंय."

तिला त्या मायलेकांपुढं उभं राहायची लाज वाटायला लागली. टायपिंग क्लासात तिच्याबरोबर शिकलेला साहेबराव वाळूजच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर होता. ती त्याच्याकडं गेली.

साहेबरावनं विचारलं, "ताई, मेंढरं डोंगरभर पांगली तर मोजायला किती वेळ लागतो?"

"दिवस जातो."

"तसंच झालंय. तुमची एकेक फाईल तुकड्या-तुकड्यांनी डिस्कवर पांगलीय. त्यात डिस्क गच्च भरलीय. वाचायची सुई बिचारी पळून पळून दमते. जुना कचरा काढा, मग ह्या फ्लॉपीतला प्रोग्राम चालवा. तो सगळे तुकडे एका जागी आणतो. पण आधी सगळ्याची फ्लॉपीवर कॉपी घ्या. मधेच लाईट गेली तर हाती काय राहायचं नाय."

रविवारी प्राचार्यांची परवानगी काढून ती एकटी कार्यालयात बसली. फ्लॉप्या भरल्या. कुणीकुणी घालून ठेवलेले खेळ काढले, जुने निकाल फ्लॉपीवर नेऊन डिस्कवरून पुसले. मग जीव मुठीत धरून प्रोग्राम चालू केला. पडद्यावरचे चौकोन एकेक करून सरकत होते. पंखा जरा मंदावला की ती वर बघे. लाईट गेली नाही. दुपार कलली तेव्हा काम संपलं. तिनं दाखल्याची फाईल उघडायला घेतली आणि ती उघडलीसुद्धा! तिला खरं वाटेना. बंद केली, पुन्हा उघडली आणि एकटीच हसत बसली.

सोमवारी बद्रीनाथ आल्या आल्या तिनं त्याला हाताला धरून मशीनपुढं नेलं. "भाऊ, बघा तर!" कडुबाचा दाखला पडद्यावर आला, नव्या नावासकट. प्रिंटर करकरू लागला.

बद्रीनाथनं हात पुढं करून प्रिंटर बंद केला.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"म्हंजे? ती मालनमावशी रोज खेटे घालतेय, म्हणून..."

"घालू दे. ते नाव माझ्या टेबलावरून जायचं नाय." त्याचा आवाज अगदी हळू होता, घरात बोलायचा तसाच. "मशीन धीमं होतं ते बरं होतं, मंजुळा. कुणाला तोंडावर नाय म्हणायची पाळी येत नव्हती."

मंजुळाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. भरल्या बैठकीत आपल्यासाठी भावकीला दटावणारा माणूस हाच ना? आणि मग तिला उमगलं, ते त्याहून वाईट होतं. खिडकीतून रोज 'उद्या या' कोण म्हणत होतं? तीच. ती खरं समजून सांगत होती आणि प्रत्येक वेळी खोटं बोलत होती.

ती पुन्हा खुर्चीवर बसली. प्रिंटर चालू केला. कागद निघाला तो घेऊन ती थेट प्राचार्यांकडं गेली. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "मशीन सुधरलं वाटतं. मग बाकीचे अर्जही संपवा."

खिडकीशी मालनबाई उभी होती. दाखला हातात घेऊन तिनं विचारलं, "नाव नवंच हाय ना बाई?"

"व्हय. पण मावशी, कारखान्याची तारीख?"

"गेली की गेल्या आठवड्यात." मालनबाई रागावली नाही. "तुमी तरी काय करणार? मशीनचं दुखणं."

ते मंजुळाबाईला ऐकवेना. तिनं मालनबाईला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि खरं काय ते सांगितलं. मालनबाईनं दाखला पदराखाली घेतला आणि ती उठून गेली.

त्याच महिन्यात मंजुळाबाईनं मुकुंदवाडी स्टेशनजवळ वेगळी खोली घेतली. बद्रीनाथची बायको भागूबाई रडली, "असं काय झालं गं?" काय सांगणार? बद्रीनाथनं तिला ना हाकललं, ना थांबवलं. तिची पेटी त्यानंच रिक्षात ठेवली. कॉलेजात तो समोरच बसे, कामापुरतं बोले. नव्या नावाचे दाखले आता थेट तिच्या टेबलावरून जात.

कडुबाला उन्हाळ्यात चिकलठाण्याच्या एका कारखान्यात काम लागलं, असं तिच्या कानावर आलं. मालनबाई पुन्हा दिसली नाही.

भाऊबीजेला मंजुळाबाई ओवाळायला गेली. जाऊ नये असं रस्ताभर वाटत होतं, न जाणंही जमेना. बद्रीनाथ पाटावर बसला, डोळे खाली. तिनं कुंकू लावलं. ज्यानं आपल्याला घर दिलं तो माणूस आणि ज्यानं प्रिंटर बंद केला तो माणूस, दोघं एकाच कपाळाचे कसे, हे तिला तेव्हाही कळलं नाही. ताम्हण हातात धरून ती तशीच उभी राहिली. शेवटी भागूबाईनंच म्हटलं, "ओवाळ ना गं, निरांजन विझंल."