खाचरातलं ऊन

आजारपणानंतर ताईची अन्नावरची वासनाच उडाली होती. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. त्या सकाळी खिडकीतल्या काचेच्या भांड्यावर ऊन आलं आणि आतल्या पाणवनस्पतीच्या पानांतून बारीक बुडबुडे वर येऊ लागले.

"बघ, हिचा स्वयंपाक सुरू झाला," ताई म्हणाली. कितीतरी दिवसांनी मला तिच्या आवाजात वर्गातली ताई ऐकू आली.

"मग तूही जेव ना."

"आपल्याला कुठे उन्हावर रांधता येतं? पानांनी साठवलेलं ऊन आपण खायचं आणि पेशीपेशीत मंद जाळायचं. त्याला लागणारा प्राणवायूही पानांचाच. हे बुडबुडे तेच तर आहेत. अंगात ऊब राहते ती त्यावर."

मी मऊ भात कालवून पुढे केला. कुठल्याशा खाचरात हिरव्या पात्यांनी ढगांआडून मिळेल तेवढं ऊन वेचलं असेल. ते दाण्यात बसून आमच्या कुकरपर्यंत आलं होतं. माणसाला जगवायला किती लांबून कोण कोण राबत असतं, आणि आपण म्हणतो, आपल्याला कोणी नाही.

ताईने एक घास घेतला. बराच वेळ ती तो चावत राहिली.

मग ती म्हणाली, "लिंबाचं लोणचं संपलं का गं?"