बिनदगडाचे सहा जण

धुळे रस्ता रुंद करायचा ठरला तेव्हा वाटेत फक्त मेलेली माणसं आली, म्हणून काम वेळेत सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी दवाखान्याचं ते कब्रस्तान. गोरे शिपाई, एक नर्स, दोन पाद्री. सगळ्यांना उकरून गावाबाहेर नेऊन पुन्हा पुरायचं होतं. बांधकाम खात्याचा कारकून म्हणून यादी मी केली. दगड मोजले: एक्केचाळीस.

"सत्तेचाळीस आहेत, भाऊ," राखणदार नासीरभाई म्हणाले. "सहा भिस्ती. दवाखान्यात पाणी भरायचे, पटकीत गेले. माझ्या आजोबांनी पुरले."

"दगड कुठंय?"

"गरिबाला कोण दगड लावणार? तुम्ही माणसं मोजताय का दगड?"

दगडच मोजत होतो. दगड नसेल तर शासनाच्या दृष्टीनं माणूस मेलेला नसतो. फारतर रजेवर असतो. पंधरा दिवसांत त्या सहा जणांवर डांबर पडणार होतं. नासीरभाईंनी तीन अर्ज दिले. तिन्हींना पोच मिळाली, उत्तर नाही.

शेवटी त्यांनी घरच्या सहा शहाबादी फरश्या उचलल्या.

"मोरीसाठी आणलेल्या फरश्या मुडद्यांना?" जरीनाभाभी दारातून ओरडल्या. "मग आंघोळीला पण तिकडंच जा!"

नासीरभाईंनी फरश्या उभ्या रोवल्या, चुन्यानं नंबर घातले. पाहणीला मोठे साहेब आले. त्यांनी मोजलं. सत्तेचाळीस.

"यादीत एक्केचाळीस कसे?"

"टायपिंगची चूक, साहेब," मी म्हणालो. साहेबांचं समाधान झालं. आमच्याकडे खऱ्या कारणानं कुणाचं समाधान होत नाही.

अशा रीतीनं ऐंशी वर्षांनंतर सहा जण अधिकृतपणे मेले आणि नव्या जागी गेले. पण लोकार्पणाच्या सकाळी साहेब थबकले. एक्केचाळीस कबरी पूर्व-पश्चिम, एका ओळीत. टोकाच्या सहा आडव्या, उत्तर-दक्षिण.

"या वाकड्या का? सरळ करून घ्या. पाहुणे अकराला येतायत."

"साहेब, यांचं तोंड पश्चिमेला लागतं," नासीरभाई म्हणाले. "किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला."

"फोटोत बरं दिसत नाही."

"मग फोटो तिकडून काढा. आता हे हलणार नाहीत." आणि कुदळ हातात असूनही ते शांतपणे पहिल्या कबरीच्या उशाला जाऊन बसले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. नियम काय सांगतो? नियमात मेलेल्यांच्या तोंडाबद्दल काहीच नव्हतं. मी तसं सांगितलं. अकरा वाजायला दहा मिनिटं होती. शेवटी फोटोग्राफरला फिरवलं, फित दुसऱ्या खांबाला बांधली. फोटो निघाला तेव्हा सगळे कॅमेऱ्याकडे पाहून हसत होते. नासीरभाई मात्र पाठ करून, दोन्ही हात उचलून, फातेहा वाचत उभे होते.