पुढं जाणारा रिव्हर्स

कळंबच्या रिवायंडिंगवाल्या शालनकाकूंनी माझ्या ताईला दहावीच्या गणिताच्या पेपराला वेळेवर पोचवलं, हे आधीच लिहून टाकतो. कारण तिला पोचू न देण्याची जेवढी म्हणून तयारी करता येते, तेवढी मी आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं करून ठेवली होती.

मी घरापासून लांब, होसूरला, विजेच्या स्कूटरी बनवणाऱ्या कारखान्यात असतो. पट्ट्यावरून मोटर माझ्यासमोर येते, मी तिचे चार बोल्ट आवळतो, मोटर पुढं जाते. पाचवा बोल्ट कोण आवळतं हे मला आजही ठाऊक नाही. पण ही गोष्ट कळंबला पोचेपर्यंत 'दत्तू विजेच्या मोटारी बनवतो' अशी झाली होती, आणि मी ती दुरुस्त केली नाही. (परमुलखात एकट्या माणसाला घरच्यांचे असले गैरसमज फार उबदार वाटतात.)

कळंब हे ताईचं सासर. आई-वडील गेल्यापासून माझं घरही तेच. आई आजारी पडली म्हणून ताईनं नववीतनं शाळा सोडली होती. मीही नववीतनंच सोडली, पण तेव्हा कुणीच आजारी नव्हतं. पुढं वयाच्या चौतिसाव्या वर्षी ताईनं सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेत न जाता दहावीला बसायचं तर हा फॉर्म लागतो. पहिल्या खेपेला सगळे विषय सुटले, एकटं गणित राहिलं. मग वर्षभर म्हशीच्या धारा काढताना सूत्रं म्हणून तिनं ते परत तयार केलं. म्हणाली, "ह्या बारीला न्हाय सुटलं, तर वही चुलीत. परत कुणी इषय काढायचा न्हाय." ताई बोलली की करते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. वहीला बहुतेक माहीत नसावं.

पेपर बारामतीला, सकाळी अकराला. न्यायचं दाजींच्या गाडीतनं. दाजींची गाडी म्हणजे तिसऱ्या मालकाकडनं आलेली जुनी, छोटी इलेक्ट्रिक कार. सपाटीला गुणी होती. पण कालव्याच्या पुलाचा चढ आला की तीन माणसांतली दोन उतरायची आणि ढकलायची. दाजी फोनवर म्हणाले होते, "चढ आला की ही गाडी माझ्या तोंडाकडं बघती रं."

ताईनं परीक्षेच्या दिवशी साडी खोचून गाडी ढकलायची? मला झोप येईना. शेवटी होसूरच्या एका दुकानातनं मी 'पॉवर किट' घेतलं. मोटरीची ताकद चाकांपर्यंत नेणारे गिअर असतात, ते काढून त्यांच्या जागी हे जास्त जोराचे बसवायचे. सोबतचा कागद मला न वाचता येणाऱ्या तीन भाषांत होता. चित्र मात्र समजलं. डोंगर, आणि त्यावर चढणारी गाडी.

सोलापूरवरनं येणाऱ्या गाडीनं इंदापूरला उतरलो तेव्हा किटाचा खोका पिशवीत नव्हता, मांडीवर होता.

आदल्या दिवशी दुपारी अंगणात गाडी जॅकवर चढवली. जुन्या गिअरबॉक्समध्ये दोन गिअर निघाले, नव्या किटात तीन. मला भरून आलं. एक गिअर जास्त म्हणजे ताकद जास्त, हे सांगायला काय दहावी लागते? पाना फिरवता फिरवता मला दिसायला लागलं की आपली गाडी पुलाच्या चढावरनं वर उचलली जातेय, खाली उसाचं हिरवं पाणी पसरलंय, ताई खिडकीतनं हात बाहेर काढून बगळ्यांना शिवतेय. बोल्ट कधी संपले ते कळलंच नाही.

दाजींनी पॅडल दाबलं. चाक असं गरगरलं की दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दत्ता, लेका, सोनं केलंस."

"चार बोल्टांचं काम होतं दाजी," मी म्हणालो.

चाक फिरतंय, हे ताईसकट आम्ही तिघांनी पाहिलं. ते कुणीकडं फिरतंय, हे एकानंही पाहिलं नाही.

सकाळी बारामतीची एसटी आम्ही ऐटीत जाऊ दिली. ताई मागच्या सीटवर डोळे मिटून बसली, मांडीवर कंपासपेटी, ओठांत सूत्रं. मी पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली आणि दाजींच्या शेजारी बसलो. दाजींनी पुढचा गिअर टाकून पॅडल दाबलं.

गाडी अलगद, आवाज न करता, मागं गेली.

विजेच्या गाडीचं हे असं असतं. ती चुकतेही फार शांतपणे. गोठा पुढं सरकला, म्हैस पुढं सरकली, आणि मऊ पाचटाच्या ढिगात आम्ही कंबरेपर्यंत शिरलो.

"लिंबू तसंच हाय," दाजी समोर बघत म्हणाले.

"निघालो का रं?" ताईनं डोळे न उघडता विचारलं.

"निघालो की," मी म्हणालो. हे खोटंही नव्हतं.

दाजींनी कपाळ पुसलं आणि रिव्हर्स टाकला. गाडी पुढं आली, लिंबं चिरडली आणि फाटकातनं बाहेर पडली. तेवढ्यात दाजींनी हौसेनं बसवलेला रिव्हर्सचा भोंगा सुरू झाला. आधी सनई, मग एक गोड बाई : "सावधान, गाडी मागे येत आहे."

तिसरा गिअर कशासाठी होता ते आता कळलं. दोन गिअर एकमेकांना लागले की दुसरा उलटा फिरतो, मधे तिसरा घातला की शेवटचा परत पहिल्याच्याच दिशेनं, म्हणजे चाक आधीच्या उलट. माझं किट वेगळ्या गाडीचं होतं.

"उतरून परत खोलू का?" मी विचारलं.

"आता खोललंस, तर मंगल पुढच्या वर्षीच्या पेपराला पोचंल. चल असंच."

मग आम्ही रिव्हर्समध्ये पुढं जायला लागलो. सकाळचं ऊन कोवळं होतं, नुकतं पाणी दिलेल्या उसातनं गारवा येत होता, सनई वाजत होती. क्षणभर मला वाटलं, आयुष्य असंच असावं. पण रिव्हर्समध्ये ती गाडी सायकलपेक्षा जोरात पळतच नव्हती. आणि मागनं येणारी प्रत्येक गाडी आमची सनई ऐकून लांब थांबत होती, कारण आम्ही मागं येणार होतो ना! उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं तर खाली उतरून हातवारे सुरू केले.

"येऊ द्या, येऊ द्या, बिनधास येऊ द्या... आरं, हे चाललं कुठं?"

पुलाचा चढ आला. गाडी तिघांना घेऊन सनईसकट सरळ वर गेली.

"किट चांगलं हाय पर," दाजी हळूच म्हणाले. माझा ऊर भरून आला. तेवढ्यात ताईनं डोळे उघडले. घड्याळ बघितलं. तिच्या ओठांतली सूत्रं थांबली.

"दत्तू, आपण पोचतोय ना?"

मी दाजींकडं बघितलं, दाजींनी पॅडल अजून दाबलं.

फाट्यावर शालनकाकूंचं दुकान. विहिरीच्या, बोरच्या जळालेल्या मोटरी काकू नव्या तारेनं भरून देतात. नवरा गेल्यावरही दुकान एक दिवस बंद राहिलेलं नाही. चष्म्याच्या काडीला काळी चिकटपट्टी, हातात पक्कड. त्या रस्त्याच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"बाई म्हणती मागं येतीया, आन गाडी येतीया पुढं. ह्यातलं खरं कोण?"

मी उतरून सगळं सांगितलं. काकूंनी मला वरनं खालपर्यंत बघितलं.

"बोरची मोटर उलटी फिराय लागली, तर काय करतूस?"

"दोन फेजा बदलतो." आमच्या भागात हे पाळण्यातल्या पोराला येतं. तीन तारांतल्या दोन अदलाबदल केल्या की मोटर सुलट.

"मग हितं काय देवाची मोटर हाय?"

"काकू, ही कंप्युटरवर चालती."

"कंप्युटर आत हाय. तारा भाईरच हायत. आदी बॅटरी तोड, आन मग लांब हो. तुजे हात न्हाय लागले पायजेत."

बॅटरी तोडून मी लांब झालो. काकूंनी जाड केबली बदलल्या. बॅटरी जोडून दाजींनी पॅडल दाबलं, तर गाडी हिसका देऊन कण्हली आणि थांबली. ताई खाली उतरली, कंपासपेटी छातीशी धरून पायीच चालायला लागली.

"ए मंगल, बस आत!" काकू ओरडल्या. मग मोटरीपाशी वाकून स्वतःशीच म्हणाल्या, "हिला फिरवतोय एकीकडं, आन हिला कळतंय दुसरीकडं." मोटरीला दिशा कळवणारी बारीक वायर असते, तिच्याही दोन तारा त्यांनी बदलल्या. "हां. आता चाकाकडं बघ, दत्त्या. फिरतंय का ते नगं बघू. कुणीकडं ते बघ."

पुढं फिरत होतं.

पुढचा रस्ता मला स्वप्नासारखा आठवतो. सनई नाही, बाई नाही. फक्त वारा, आणि मागच्या सीटवर परत सुरू झालेली सूत्रं. शाळेचं फाटक बंद होत होतं तेव्हा ताई आत शिरली.

ताईचं गणित सुटलं. वही चुलीत गेली नाही, फडताळात देवाशेजारी आहे.

सुट्टी संपवून निघताना मी काकूंच्या पाया पडलो. म्हटलं, "काकू, हे कसं फेडू?"

त्यांनी मान वर केली नाही. "सतरा नंबरचा फॉर्म भर. तीन गिअरनं चाक कुणीकडं फिरतं, तेवढं कळाय लागलं की फिटलं समज."

तर काकू, हे इथं लिहून देतो. एक दिवस दहावीचा निकाल घेऊन मी तुमच्या दुकानात येणार, आणि सुलट येणार. ताईचं पुस्तक होसूरला आणलंय, रोज पाळी संपली की उघडतो. सध्या शेवटच्या पानापासनं सुरुवात केली आहे, कारण उत्तरं तिकडं आहेत.