वेणी कुरियरने, बंदूक ठाण्यात

नवरा गेला तेव्हा दोन गोष्टींचं काय करायचं हा प्रश्न उरला. एक त्याची बंदूक, दुसरे माझे केस.

बंदूक बारा बोअरची, दुनळी. पीकसंरक्षणाचा परवाना त्याच्या नावावर. किनवटच्या जंगलाला लागून आमचं शेत आहे आणि शेतातच दोन खोल्यांचं घर. आमच्याकडे त्याला आखाडा म्हणतात. मका भरात आला की रानडुकरं येतात. त्यांना मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते, ती त्याने कधी काढली नाही. हवेत बार काढायचा, डुकरं पळायची आणि दोन दिवसांनी परत यायची. परवानाधारक गेला की हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. तेरावं झाल्यावर मीच ती खोळीत घालून, जीपमध्ये मांडीवर आडवी धरून घेऊन गेले आणि पावती घेऊन आले.

केस कमरेच्या खाली होते. माहेर लातूरजवळच्या मुरुडचं, तिथे आईने ते वाढवले. शिकेकाईने न्हायचं म्हणजे मागून पाणी ओतायला माणूस लागतं. सव्वीस वर्षं ते काम नवऱ्याने केलं, कुरकुरत केलं, पण केलं. तो गेल्यावर मी एका हातात तांब्या आणि एका हातात केस धरून पाहिलं. खांदा आखडला. पूर्वी मी लातूरला शाळेत शिकवत असे; तिथल्या एक बाई आजारपणात केसांचा टोप घालत, त्यांच्याकडून कळलं होतं की कॅन्सरच्या पेशंटसाठी बायकांच्या वेण्या घेतात. बारा इंचांपेक्षा मोठी, कोरडी, रंग न लावलेली. माझी या तिन्हीत बसत होती. नांदेडला पार्लरमध्ये गेले, दोन्ही टोकांना रबर लावून घेतलं, कापली, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून कुरियर केली. मानेला वारा लागला. बसमध्ये मी दोनदा मागे हात नेला, मग नेला नाही.

याला लोक दान म्हणतात. मला तो शब्द मोठा वाटतो. जे फुकट उगवतं आणि मला पेलत नव्हतं, ते दुसऱ्याला उपयोगी पडेल तर द्यावं, एवढंच.

गावात राहणारी माझी मोठी जाऊ दुसऱ्या दिवशी आखाड्यावर आली. डोक्याकडे बघत उभीच राहिली.

"बालाजीला गेलतीस का गं?"

"नाही. कुरियरने पाठवले."

"कुणाला?"

"माहीत नाही. कुणीतरी आजारी बाई असेल."

"देवाला दिले म्हणलीस तर समजतंय बाई. माहीत न्हाई त्याला कोन केस देतंय?"

मी तिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चहा अर्धा ठेवला आणि गेली. आमच्या भागात तिरुपतीला केस देणं सगळ्यांना कळतं. नवस बोलला, फेडला, संपलं. मी नुसतं हो म्हटलं असतं तर कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता. पण खोटं कशाला बोलायचं, असं मला वाटलं.

त्याच महिन्यात मी बंदूक माझ्या नावावर करण्याचा अर्ज केला होता. दिराचं म्हणणं, बंदूक त्याने स्वतःच्या नावावर करून घ्यावी आणि मी गावातल्या त्यांच्या घरात राहायला यावं. बाईमाणसाने बंदुकीशिवाय एकटं आखाड्यावर राहणं बरोबर नाही. त्यावर मी म्हटलं, मग बंदूकच घेते. मला आखाडा सोडायचा नव्हता. तिथली प्रत्येक फांदी मला माहीत आहे, आणि गावातल्या त्या घरात मला माझा पाट कुठे आहे तेही विचारावं लागतं.

बंदुकीबद्दल माझं मत साधं होतं. आपल्याकडे तो हक्क नाही, परवानगी आहे, आणि ते ठीकच आहे. पण ती परवानगी ज्याला गरज आहे त्याला मिळावी. वरातीत हवेत बार काढणाऱ्याला मिळते आणि जंगलाच्या कडेला एकट्या राहणाऱ्या बाईला विचारतात, तुम्हाला कशाला? याचा मला राग होता.

ठाण्यातून जमादार चौकशीला आले. मंगळवार होता. अर्जावरच्या फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघितलं. फोटोत वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली. मी कारण सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. शेतीचं विचारलं, डुकरांचं विचारलं. पाऊण तास बसले. मग गावात चौकशी करून गेले. अहवालात आलं की अर्जदार एकट्या राहतात, पतीनिधनानंतर फारसं कुणाशी बोलत नाहीत, आणि अलीकडे त्यांनी अचानक केस कापून टाकले. मानसिक आरोग्याचा दाखला घ्यावा. हे कुणी सांगितलं ते मला लगेच कळलं. जावेला जाऊन विचारलं. तिने नाकारलं नाही.

"मला भ्या वाटलं तुझं," ती म्हणाली. "तुला बोलले असते तर तू चिडली असतीस."

चिडलेच होते. दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात गेले तीही चिडूनच. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाची. झोप, भूक, औषधं सगळं विचारलं. केसांचं सांगितल्यावर हसली; तिच्या मावशीनेही दिले होते म्हणे. मला वाटलं, झालं काम. कागदावर लिहिता लिहिता तिने विचारलं, "एकटं वाटतं का?"

"वाटतं."

"कुणाशी बोलता? म्हणजे थोडं निवांत. शेवटचं कधी बोललात?"

मी खरंच आठवून पाहिलं. मुलगा रविवारी फोन करतो, पण तो तब्येत विचारतो आणि ठेवतो. दूधवाल्याला मी दुधावर झाकण ठेव एवढंच सांगते.

"जमादारांशी," मी म्हटलं. "चौकशीला आले होते त्या मंगळवारी."

तिने पेन खाली ठेवलं नाही, पण लिहिणं थांबवलं. मग बराच वेळ तिने मला बोलू दिलं. शेवटी दाखला दिला, सुदृढ म्हणून. बोलायला कधीही या, असंही म्हणाली.

दाखला घेऊन मी बाहेर बाकावर बसले. तिने बरोबर प्रश्न विचारला होता. मी तिच्या जागी असते आणि समोरच्या बाईने हेच उत्तर दिलं असतं, तर मी सही केली नसती. डुकरं पळवायला घरात भरलेली बंदूक लागतेच असं नाही, आणि जिच्याशी बोलायला कुणी नाही तिच्या घरात ती नसलेली बरी. माझं मत बदललं असं नाही. फक्त हक्क नाही, परवानगी आहे, हे मलाही लागू होतं, ते मी आधी धरलं नव्हतं.

दाखला मी जोडलाच नाही. डुकरं तारेला लागली की हलका झटका देणारं सौर मशीन कुंपणाला बसवलं. बंदूक ना माझ्या नावावर ना दिराच्या. रीतसर विकायला परवानाधारक दुकानदाराकडे दिली. दीर महिनाभर बोलला नाही, ते फारसं जाणवलं नाही. आखाडा मात्र मी सोडला नाही.

अर्ज मागे घेतल्याच्या कागदावर ठाण्यात सही केली. जमादार म्हणाले, आता चौकशी बंद, तुमच्याकडे यायचं काम राहिलं नाही. मी बरं म्हटलं. पायऱ्या उतरताना लक्षात आलं की आता कुठल्याच मंगळवारी कुणी येणार नाही. मी बसस्टँडकडे न जाता दवाखान्याच्या रस्त्याला लागले. डॉक्टर रजेवर होती.