शिंक दाबून बदललेलं घर

कळंबचं घर सोडायच्या दिवशी आम्ही सगळे तोंडाला फडकी बांधून वावरत होतो. धुळीसाठी नाही, शिंकेसाठी. सासूबाईंनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "निघताना कुणी शिंकलं तर मी नाय येनार, आत्ताच सांगते." आणि आम्ही तर माळा उपसत होतो! मिरच्यांची रिकामी पोती, जुनी गोधडी, नाकात नुसता खकाणा. सासूबाई अंगणात खुर्ची टाकून कान टवकारून बसलेल्या. शिंकेची वाटच बघत होत्या म्हणा ना.

धाकट्या दिराचं लग्न झालं आणि घर पुरेना. म्हणून आम्ही नवराबायको साजगावला, ह्यांच्या कारखान्याजवळ, भाड्याच्या घरात निघालो होतो. सासूबाईंनी आमच्याकडे यावं हा हट्ट माझा. बाई फटकळ, पण त्यांच्याशी भांडल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.

टेंपो भरत आला आणि घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. अंगणावर तपकिरी ढग गिरक्या घेत होता. दीर ओरडला, "टोळ!" हे म्हणाले, "चिलटं असतील." टेंपोवाला काहीच न म्हणता गोठ्यात पळाला. ढग खाली आला आणि टेंपोत उलट्या ठेवलेल्या टेबलाच्या पायाला फणसासारखा लटकला. तेव्हा कळलं, मधमाश्या!

"झाला अपशकुन!" सासूबाई उठल्याच. चेहऱ्यावरचा आनंद लपेना. "उतरवा माजी ट्रंक."

पण शाळेत मुलांना शिकवलेलं ऐनवेळी कामाला आलं.

"आई, अपशकुन कसला? त्यांचंही बिऱ्हाड निघालंय. पोळं पुरेनासं झालं की राणी अर्धं खटलं घेऊन नवी जागा शोधते."

"नवी राणी?"

"नाही, जुनी. म्हातारी. भरलं पोळं लेकीला सोडून."

दारात माझी धाकटी जाऊ केरसुणी घेऊन उभी होती, फडक्यावर नुसते घाबरलेले डोळे. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"ट्रंक ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "माश्या गेल्या की माजा पाटा उतरवा. हिला लागंल."

सकाळी तोच पाटा त्यांनी सगळ्यांच्या आधी टेंपोत चढवायला लावला होता. मला तर अंगणात फुगडी घालावीशी वाटली.

आमचा चहा होईतो माश्या उठल्या आणि जांभळाच्या झाडावरून पार दिसेनाशा झाल्या. पाटा उतरला. टेंपोवाला गोठ्यातून बाहेर आला. सासूबाई पुढच्या सीटवर ऐटीत बसल्या. मी हुश्श करून फडकं सोडलं आणि सकाळपासून दाबलेली शिंक अशी काही फुटली की कोंबड्या उधळल्या.

सगळे जागीच थिजले. दिराने कपाळावर हात मारला.

सासूबाईंनी पदर कानावरून ओढून घेतला आणि सरळ रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "काय बोललीस गं? मला हल्ली ऐकू येत नाय. काढ रं गाडी."