लांब बसा ते जवळ बसा

आमचा बँड बंद पडून बरीच वर्षं झाली, पण त्याचे किस्से काही बंद पडत नाहीत. दिग्या, इम्रान आणि मी मिसळीच्या गाडीवर भेटलो की एकाला एक आठवतो, त्यावरून दुसऱ्याला दुसरा, आणि पाव संपले तरी बोलणं संपत नाही. शेजारच्या बाकावरचे लोक ऐकून हसतात. आम्हीही हसतो. पण घरी जाईपर्यंत माझं डोकं परत तापलेलं असतं, म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

दिग्या गिटार वाजवायचा, इम्रान ड्रम, आणि मी गायची. बँडचं नाव खर्डा. चौथा माणूस म्हणजे तात्या, माझे थोरले काका. तात्या भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे आणि त्यांचा एक नियम होता. निवेदकानं ‘ढोलकीची साथ’ म्हणून त्यांचं नाव पुकारल्याशिवाय त्यांचा हात ढोलकीवर पडत नसे. एकदा कागलला निवेदक विसरला, तर सगळी पार्टी सुरू झाली आणि तात्या मांडी घालून पान लावत बसले.

आमच्या बँडचे ते मॅनेजर झाले. कुणी केलं नव्हतं. “पोरगी दोन पोरांसंगं हिंडणार, मग घरातलं एक माणूस नको?” असं म्हणून ते आपले आपणच झाले.

*

सुरुवात कॉलेजच्या गॅदरिंगपासून. गॅदरिंगचे प्रमुख सर मला निवडचाचणीतच म्हणाले होते, “मुलीनं कसं हळुवार म्हणावं. भावगीत घे.”

“सर, भावगीत मला येत नाही.”

“मग शीक. आवाज खाली ठेवायचा. तेवढंच असतं त्यात.”

मी हो म्हणाले आणि स्टेजवर गेल्यावर जे म्हणायचं तेच म्हटलं. दुसऱ्या ओळीला सर विंगेत गेले आणि त्यांनी बोर्डावरचा प्लग उपटला. माझा माइक गेला, दिग्याची गिटार गेली. हॉलमध्ये पोरं शिट्ट्या मारायला लागली. इम्राननं एकदा माझ्याकडं बघितलं आणि वाजवत राहिला. मी तशीच ओरडून गाणं पुरं केलं.

ड्रमला प्लग नसतो, हे सरांना त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी फिशपाँडमध्ये माझ्या नावानं चिठ्ठी निघाली, की हिचा आवाज ऐकून पंचगंगेतल्या म्हशी पाणी सोडून पळाल्या. ती सरांनी स्वतः वाचून दाखवली, खुलवून. मी लायब्ररीत जाऊन बसले आणि रागाच्या भरात गाणं लिहिलं.

‘हळू बोल म्हणालात, हळू बोलून झालं,
आता आवाज चढलाय, लांब बसा.’

आमचं एकुलतं एक गाजलेलं गाणं हेच.

*

कॉलेजनं खोली नाकारली, तेव्हा तालमीला जागा मिळाली ती कोडोलीत, दिग्याच्या घरच्या गोठ्याला लागून. दिग्याचे वडील, आबा, पहिल्याच दिवशी दारात उभे राहिले.

“पावणं, म्हस आटली तर काय ह्या गिटारीची धार काढू?”

म्हैस आटली नाही. महिनाभरात आमची तिला सवय झाली. मग परीक्षा आल्या, आमची तालीम थांबली, आणि एक दिवस दिग्या वर्गाबाहेर उभा. चेहरा पडलेला.

“आबांनी निरोप दिलाय. म्हस पान्हा सोडंना झालीय. एकदा येऊन ‘लांब बसा’ म्हणून जावा म्हणालेत.”

गेलो. म्हटलं. तिनं सोडला. मी तोंड उघडल्यावर मला ‘हळू’ न म्हणणारी ती आमच्या ओळखीतली पहिली वडीलधारी.

*

रेकॉर्डिंगचा किस्सा नीट ऐका, पुढं सगळं त्याच्यावर आहे.

स्टुडिओ म्हणजे एक बंद खोली. दाराला गोधडी, भिंतीला अंड्यांचे ट्रे. एप्रिल महिना. पंख्याचा आवाज टेपवर येतो, म्हणून पंखा बंद. तात्यांना आम्ही बाहेर बसा म्हणून विनवलं, पण मॅनेजर बाहेर कसा बसणार? ते आत, कोपऱ्यात, खुर्चीवर, पंख्याच्या बटणाखालीच.

सकाळपासून काही ना काही बिघडत होतं. शेवटी एकदा जमलं. दोन कडवी अशी लागली की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्टसुद्धा मान डोलवायला लागला. तिसऱ्या कडव्याच्या आधी जरा रिकामी जागा होती, नुसता ड्रम. तेवढ्यात डोक्यावर घर्र घर्र सुरू झालं. तात्यांना उकडलं होतं. त्यांनी पंखा लावला होता.

मी ड्रमच्या ठेक्यातच किंचाळले, “तात्या, पंखा बंद करा की!”

त्यांनी दचकून बंद केला आणि मी तिसऱ्या कडव्यावर चढले. आयुष्यात मी तितकी संतापून कधी गायले नव्हते.

आमची वेळ संपली होती. पुन्हा रेकॉर्ड करायला मिळणार नव्हतं. दिग्या म्हणाला, “राहू दे की. रॉक हाय म्हणून खपून जाईल.”

खपून गेलं. कॅसेट रिक्षात वाजली, कॅन्टीनमध्ये वाजली, आणि पोरं त्या जागी आली की गाणं सोडून सगळी मिळून ओरडायला लागली, “तात्या, पंखा बंद करा की!”

*

कॅसेटच्या कव्हरची जबाबदारी मॅनेजरांची. छापून आलं तेव्हा वर फेटा बांधलेल्या तात्यांचा फोटो, खाली ‘मार्गदर्शन’ म्हणून त्यांचं पूर्ण नाव, आणि तळाला बारीक अक्षरात ‘खर्डा ग्रुप, कोल्हापूर’.

“आणि आमची नावं?”

“ग्रुप म्हटलं की त्यात तुम्ही आलाच की.”

“मग ग्रुपमध्ये तुम्ही नाही आलात?”

“मी ग्रुपच्या वरचा.”

लोकांना वाटायचं गाणं फेटेवाल्यानं म्हटलंय. एका मंडळाचे लोक घरी येऊन तात्यांना विचारून गेले, “तात्या, बाईचा आवाज इतका हुबेहूब कसा काढताय?” तात्यांनी हे सगळ्यांना सांगितलं. अभिमानानं.

*

गारगोटीचा कार्यक्रम झाल्यावर एक पोरगी स्टेजमागं आली. अकरावी-बारावीतली असेल. दोन वेण्या, हातात सायकलची किल्ली.

“ताई, तुमच्यामुळं बोललो मी घरात.”

“काय बोललीस?”

“लगीन ठरवत हुते. पावणं बसल्यालं बाहेर. मी आत टेपवर तुमचं गाणं लावलो, फुल आवाजात. मग बाहेर जाऊन सांगितलो, मला शिकायचं हाय.”

“मग?”

“आज्ज्यानं कॅसेट फोडली.”

मी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, “दुसरी हाय काय तुमच्याकडं? लगीन बी मोडलंय, पण धाकटी भन हाय अजून.”

तिला मी होत्या तेवढ्या कॅसेट देऊन टाकल्या.

*

मग बँड मोडला. कुणी भांडलं नाही. दिग्याच्या गळ्यात डेअरी पडली, इम्रान पुण्याला गेला, मला कागलच्या एमआयडीसीत लॅबमध्ये नोकरी लागली. एक दिवस कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरनं नवी सीडी लावली. धडाम धुडुम. वर पिपाणीसारखा कीबोर्ड. आणि त्यातून माझा आवाज.

“तात्या, तात्या, पं-पं-पंखा, बंद करा की!”

मी सीटवरून उठलेच. तेवढंच वाक्य माझं, कॅसेटवरून उचललेलं, विळीवर चिरल्यासारखं तुकडे तुकडे केलेलं. बाकी गाणं कुणीतरी दुसरीच म्हणत होती, लाडात, नाकातून. चाल माझी. शब्द मात्र बदललेले.

‘हळू बोला ना राया, गोड गोड बोला,
अंधार पडलाय, जवळ बसा.’

बसमधल्या बायका टाळ्या वाजवत होत्या. शेजारची म्हणाली, “लय भारी गाणं हाय बाई. लग्नात लावत्यात.”

लांब बसाचं जवळ बसा. कुणाच्या डोक्यातून हे निघतं? बाई चिडलेली असेल तर तिला वाजवायचं नाही, आणि तीच लाडात आली की तिच्यावर वरात नाचवायची!

उतरताना ड्रायव्हरकडून सीडीचं कव्हर मागून घेतलं. गीत आणि संगीत यांच्यापुढं एकच शब्द होता. पारंपरिक.

माझं वय पंचवीस आणि माझं गाणं पारंपरिक.

*

सीडी काढली होती पोपटशेठनं. लग्नाच्या वरातींना आणि मंडळांना साऊंड पुरवायचा, जोडीला सीडीचं दुकान. मी सरळ दुकानात गेले.

“हे गाणं माझंय.”

“ताई, पारंपरिक म्हंजे लय मानाचं असतंय. ओव्या बिव्या असत्यात तसं.”

“ओव्या रचणाऱ्या बायकांची नावं पण अशीच खाल्ली असतील तुमच्यासारख्यांनी. मी अजून जिवंत आहे.”

“पण तुमचंच हाय कशावरनं?”

“पोपटशेठ, कुठल्या परंपरेत तात्याला पंखा बंद करायला सांगतात?”

गिऱ्हाईक हसलं. पोपटशेठ मात्र डोकं खाजवत म्हणाला, “आता खरं सांगू का? मी विचारूनच केलंय. तुमचं तात्याच म्हणालं, आमच्या घरातलं जुनं गाणं हाय, पारंपरिक टाका.”

*

तात्या अंगणात ढोलकीला शाई लावत बसले होते.

“तुम्ही असं का सांगितलंत?”

“पोरीचं नाव कशाला पायजे वरातीच्या सीडीवर? उद्या स्थळं येणार. इचारतील, पोरगी काय करती. पारंपरिक म्हटलं की कोण काय इचारत न्हाय.”

“मला न विचारता?”

“तुझ्या भल्यासाठीच केलंय न्हवं?”

“तात्या, तुमचं नाव पुकारलं नाही तर तुम्ही ढोलकीला हात लावता का?”

त्यांनी बोटांची शाई पुसली. “माझी गोष्ट येगळी हाय.”

“का वेगळी?”

“आवाज खाली. शेजारी ऐकत्यात.”

त्यानंतर मी तात्यांशी बोलणं सोडलं. आईनं मध्यस्थी केली, वडिलांनी केली, तात्यांच्या मुलानं, रोहितनं केली. मी एकच सांगितलं. गाण्याला माझं नाव लावा, मग बोलू.

*

रोहितचं लग्न मे महिन्यात होतं. समाजमंदिराच्या हॉलमध्ये वंदना झाली, त्रिशरण झालं, मंगलाष्टकांच्या जागी जयमंगल अष्टगाथा झाली, पुष्पवृष्टी झाली, आणि मग जेवणाआधी करमणूक. साऊंड पोपटशेठचा. सगळे पंखे पाचवर. पहिल्या रांगेत नवरीकडचे पाहुणे, त्यांच्या मध्यभागी कोट घातलेले तात्या. मला बघायला आलेले एक पाहुणेही तिथंच बसवले होते, हे मला मागाहून कळलं.

पोपटशेठ माइकवर म्हणाला, “आता आपल्या सगळ्यांच्या आवडीचं पारंपरिक गाणं, जवळ बसा.”

मी रांग मोडून पुढं गेले आणि त्याच्या हातातून माइक घेतला. त्यानं घाबरून सीडीच बंद केली.

“या गाण्याचं नाव ‘लांब बसा’,” मी म्हणाले. “शब्द सुजाताचे, चाल सुजाताची. ती मीच. गिटारवाला मागं बसलाय, पण गिटार आणि ड्रम आज आलेले नाहीत.”

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, “अगं हळू, पावणं हायत.” आईनं पदर तोंडाला लावला. मी पहिली ओळ म्हटली. साथीला काही नव्हतं, नुसते पंखे, आणि त्यांची घरघर माइकमध्ये इतकी शिरत होती की माझेच शब्द मला नीट ऐकू येईनात. मी आवाज चढवला. दुसरी ओळ.

तात्या उठले.

कोट सावरत ते भिंतीकडं चालले. माझ्या माइकची वायर त्याच भिंतीवरच्या बोर्डात होती. मला कॉलेजची विंग आठवली, सर आठवले. मनात म्हटलं, उपटा. ड्रम नाही तर नाही, घसा आहे. दिग्या शेवटच्या रांगेतून उठून उभा राहिला. रोहित नवरीशेजारून ओरडला, “तात्या, राहू दे!”

तात्यांनी बोर्डाला हात घातला आणि एक बटण बंद केलं. मग दुसरं. मग तिसरं. वरचे पंखे मंदावत एकामागून एक थांबले.

हॉलमध्ये घामाच्या धारा लागल्या. नवरीकडचा एक म्हातारा टोपीनं वारा घेत म्हणाला, “अहो पावणं, पंखा लावा की.”

तात्या बोर्डाला पाठ लावून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते त्या म्हाताऱ्याला म्हणाले, “लांब बसा.”